पन्नासावं टिंब

एल्डरटन कॉलेज, व्हरमाँट
६ सप्टेंबर २०२३

प्रिय आर्डिसआत्या,

पोचले, सामान लावलं, उपाशी नाही, थंडी वाजत नाही. तुझे पहिले चार प्रश्न हेच असणार म्हणून उत्तरं आधीच देऊन टाकली. पत्रच लिहिते आहे, कारण फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनाने जोडतेस. मागच्या रविवारी मी म्हणाले, खोलीत ऑड्रा आहे, आणि तू बाबांना जाऊन सांगितलंस की पोरीच्या खोलीत उंदरं आहेत. ऑड्रा माझी खोलीतली जोडीदार आहे, कनेक्टिकटची. तिला हे सांगितलं तर ती पोट धरून हसली.

सोबत एक छापील कागद पाठवते आहे. 'यंदाचा पहिल्या वर्षाचा वर्ग, एका नजरेत' असं त्याचं नाव. कॉलेज दर वर्षी काढतं. आम्ही किती, कुठले, कसल्या शाळांमधून आलो, सगळं आकड्यांत. आम्ही चारशे बारा जण आहोत. घरातून कॉलेजात आलेले पहिलेच असे सतरा टक्के, त्यात मी. मधमाश्या पाळणारे चार, त्यात मी नाही. मागच्या बाजूला देशाचा नकाशा आहे, ज्या राज्यातून जितकी मुलं तितकं मोठं टिंब. नॉर्थ डकोटावरचं टिंब भिंग घेऊन बघ, तिथे एकच जण आहे. ती मी.

पहिल्या दिवशी मोठ्या सभागृहात प्रवेश विभागाच्या प्रमुख बाईंनी हा कागद आम्हाला वाचून दाखवला. अगदी शेवटी म्हणाल्या, "कॉलेजच्या इतिहासात पहिल्यांदाच पन्नासच्या पन्नास राज्यं. नॉर्थ डकोटा, कुठे आहात?" मी बुटाकडे बघत बसले होते. ऑड्राने माझा दंड धरून वर केला, मग उभं राहावंच लागलं. सगळं सभागृह टाळ्या वाजवत होतं. आता मला कुणी मारिट म्हणत नाही, सगळे 'डकोटा' म्हणतात. जेवणघरात सूप वाढणारा काकासुद्धा.

मजा वाटली. बाबांना सांग.

तुझी,
मारिट

•

हेगलंड, नॉर्थ डकोटा
१३ सप्टेंबर

मारिट,

तुझा कागद मिळाला. मिळाला म्हणजे माझ्या हातात दहा मिनिटं होता. मग तुझ्या बापाने तो नेला आणि धान्याच्या कोठाराच्या कचेरीत भिंतीवर लावला. येईल त्या ट्रकवाल्याला धरून टिंब दाखवतो. माल उतरवायचा राहिला बाजूला, आधी टिंब बघा. गावातल्या प्रत्येकाने ते बोटाने दाबून पाहिलंय, आता ते पुसट व्हायला लागलंय.

मी कचेरीत जाऊन, भिंग घेऊन, खुर्चीवर बसून नीट वाचला. डावखुरे अकरा टक्के. हे कशाला मोजलं कुणास ठाऊक. मी शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म घालवला, कोण डावखुरा आणि कोण वाटाणे रुमालात लपवतो ते मला पाठ होतं. पण मी ते छापून गावभर वाटलं नाही.

आणि मिनेसोटाचे तेवीस? तेवीस, मारिट. हे पलीकडचे कुठे पोचले नाहीत ते सांग. आपल्या गावची शाळा बंद करून पोरांना नदीपलीकडे, मिनेसोटात, नीलसफोर्डच्या शाळेत धाडायचं ठरलं तेव्हाच मी सभेत म्हटलं होतं, या लोकांची भूक भागायची नाही. त्या दिवसापासून मी पुलावर पाऊल ठेवलेलं नाही. दुधासाठी नऊ मैल उलटी जाते, पण जाते. तुला तिथे शिकावं लागलं ते मी पोटात घातलं, तुझा इलाज नव्हता. पण आता व्हरमाँटातही त्यांचीच गर्दी. तू एकटी आहेस, सांभाळून राहा, आणि मान वर ठेव.

एक विचारते. 'मजा वाटली' एवढंच लिहून तू पुढे गेलीस. तुला खरी मजा वाटते तेव्हा तू तीन पानं बडबडतेस आणि तरी पत्र संपत नाही. काय झालंय?

आत्या

•

एल्डरटन
२२ सप्टेंबर

आत्या,

तुझ्यापासून काही लपत नाही, आणि ते फार त्रासदायक आहे.

सांगते, पण बाबांना कळू देऊ नकोस. मी परत यायचं म्हणते आहे. नाव काढून घ्यायचा अर्ज आणून ठेवलाय, तेरा ऑक्टोबर ही शेवटची तारीख. त्याच्या आत दिला तर हे सत्र माझ्या नावावर लागतच नाही. साखरेच्या बीटाचा हंगाम तोवर चालूच असेल, मला काढलेल्या बीटाच्या ढिगावर काम मिळेल. वसंतात जवळच्या एखाद्या कॉलेजात बघता येईल.

झालं असं. पहिला निबंध परत आला, तांबड्या शाईने भरून. खाली लिहिलं होतं, 'भेटायला या.' इतरांचेही आले, पण ते भेटायच्या ओळीत उभे राहून हसत होते. वर्गात कुणी काही बोललं की बाकीचे माना हलवतात, आणि मला तो विषय आहे कुठला हेच कळायला वेळ लागतो. हे चाललं असतं. मी तुझीच भाची, चिवटपणे बसले असते.

पण मागच्या आठवड्यात ऑड्रा केस विंचरता विंचरता म्हणाली, "तू नशीबवान आहेस डकोटा. माझ्या शाळेतल्या तीन मैत्रिणींना इथे नाकारलं. माझ्याहून हुशार होत्या. कनेक्टिकटचे खूपच झाले ना. तुमच्याकडून कुणी अर्जच करत नाही." तिच्या मनात वाईट काही नव्हतं. म्हणूनच जास्त लागलं. ती मला काही सांगत नव्हती, मला माहीतच असेल असं धरून बोलत होती.

मग मी तो नकाशा पुन्हा पाहिला. एकोणपन्नास टिंबं होती, एक हवं होतं. त्यांना मारिट नको होती आत्या, त्यांना टिंब हवं होतं. ते कुणाचंही चाललं असतं. आणि मी उभी राहून त्याच्यासाठी टाळ्या घेतल्या. आता दिवसातून वीस वेळा कुणीतरी 'डकोटा' म्हणून हाक मारतं आणि मला वाटतं, हो, बरोबर, तेवढंच.

रागावू नकोस. मी इथे दुसऱ्याच्या जागेवर बसले आहे असं सारखं वाटतं, आणि असं वाटत असताना पुस्तक वाचता येत नाही.

मारिट

•

हेगलंड
२७ सप्टेंबर

प्रवेश विभागाच्या प्रमुख बाईंना,

माझं नाव आर्डिस रुडविक. मारिट रुडविक माझी भाची. ती तुमच्याकडे पहिल्या वर्षाला आहे. तुम्ही तिला भर सभेत उभी केलीत, म्हणजे ओळखत असाल.

मला एका प्रश्नाचं उत्तर हवं आहे, आणि गोड भाषेतलं नको. तुम्ही पोरीला तिच्या डोक्यासाठी घेतलंत, की नकाशा भरायला? नकाशा भरायला घेतलं असेल तर तसं लिहा. मी तिच्या बापाची गाडी घेऊन येते आणि तिला घेऊन जाते. दीड हजार मैल आहे, मला रस्ता विचारता येतो. आमच्याकडे नकाशे भरायला पोरी वाढवत नाहीत.

ही पोर सातवीत असताना आमची शाळा बंद पडली. तेव्हापासून ती रोज पहाटे बसने पूल ओलांडून पलीकडे, मिनेसोटातल्या नीलसफोर्डला जायची. बर्फात बस अडकली की चालत. तिथल्या लोकांबद्दल माझं मत चांगलं नाही, पण तिथेही ती पहिली आली. हे सगळं तुमच्या कागदावर कुठे दिसलं नाही. कोण कुठल्या हाताने जेवतं ते मात्र दिसलं.

मी हे पत्र लिहिलं आहे हे तिला माहीत नाही. उत्तर मलाच पाठवा आणि लवकर पाठवा, तेरा तारखेच्या आत.

आर्डिस रुडविक

•

हेगलंड
२७ सप्टेंबर

मारिट,

पत्र मिळालं. तुझ्या बापाला सांगितलेलं नाही. तो अजून टिंब दाखवतोय.

अर्ज भरायचा तर भर, पण देऊ नकोस. माझं पुढचं पत्र येईपर्यंत थांब. का ते विचारू नकोस. तोवर त्या निबंधवाल्या मास्तरांना भेटून ये. 'या' म्हणालेत ना, मग जा. आपल्याकडे कुणी 'या' म्हटलं तर आपण जातो.

रविवारपासून बीटाची काढणी सुरू. रात्रपाळीला डबे करायला मलाच बोलावलंय, बाकी कुणाला खपत नाही. नीट जेव.

आत्या

•

एल्डरटन कॉलेज, प्रवेश विभाग
२ ऑक्टोबर

श्रीमती आर्डिस रुडविक यांस,

आपलं पत्र मिळालं. इतकं सरळ पत्र या कचेरीत फार दिवसांनी आलं.

आपल्या भाचीविषयी मी एक अक्षरही लिहू शकत नाही. कायदा आड येतो, मग विचारणारी आत्या असो की आई. पण तो कागद कसा तयार होतो हे सांगायला कुणाची हरकत नाही.

मुलांची निवड मार्चमध्ये होते. मोजदाद ऑगस्टच्या शेवटी, मुलं येऊन पोचल्यावर. खोटं बोलत नाही, पन्नासावं राज्य निघालं तेव्हा आम्ही कचेरीत केक कापला. आम्हाला अशा गोष्टींचा आनंद होतो, आणि तो थोडा बालिश असतो. पण मार्चमध्ये कुणालाच माहीत नव्हतं की आपण पन्नासला पोचू.

आता दुसरी गोष्ट. राज्य मोजताना आम्ही घर धरत नाही, शाळा धरतो. शेवटचं वर्ष ज्या शाळेत झालं, त्या शाळेचं राज्य. हल्ली मुलांची घरं दोन-दोन असतात, आई एका राज्यात, वडील दुसऱ्या. काही जण मध्येच घर बदलतात. शाळेचा दाखला मात्र एकाच ठिकाणचा असतो.

आपण पत्रात एका पुलाचा उल्लेख केला आहे. आमच्या नकाशाच्या दृष्टीने तो पूल फार महत्त्वाचा आहे, एवढंच मी सुचवू शकते.

'कुठे आहात' असं सभेत विचारण्याची पद्धत माझीच होती. ती पुढच्या वर्षीपासून बंद. हे आपल्या पत्रामुळे.

थेडा मॅकनल्टी

•

हेगलंड
७ ऑक्टोबर, शनिवार

मारिट,

सोबतचं पत्र आधी वाच. मी त्या बाईंना लिहिलं होतं, तुला न सांगता. ओरडायचं असेल तर नंतर ओरड.

वाचलंस? मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, बाई बोलायचं टाळते आहे, पुलाबिलाच्या गोष्टी सांगते आहे. दुसऱ्यांदा वाचताना हातातला चमचा खाली पडला. तिसऱ्यांदा मी ते तुझ्या बापाला मोठ्याने वाचून दाखवलं. होय, त्याला सगळं सांगितलं, सांगावंच लागलं. तो म्हणाला, "म्हणजे आपली पोर त्या तेविसांत आहे."

त्या तेविसांत आहेस तू, मारिट. मोठ्या टिंबात, गर्दीत, जिथून त्यांना आणखी एक नसती मिळाली तरी काही अडलं नसतं. तिथून त्यांनी तुला घेतलं, म्हणजे तुलाच घेतलं. नकाशाला तुझा काडीचा उपयोग नाही. माझा जीव भांड्यात पडला. दोन आठवडे मी धड झोपले नव्हते, आणि डब्यात दोनदा मीठ जास्त पडलं. पोरांनी मुकाट्याने खाल्लं, यावरून माझा चेहरा कसा होता ते ओळख.

आता एक कडू घोट. तुझी अब्रू वाचवली ती पलीकडच्या शाळेने. मी हे एकदाच लिहिते आहे. पुन्हा विचारलंस तर नाही म्हणेन.

हे पत्र जलद टपालाने पाठवते आहे. तो अर्ज फाड.

आत्या

•

एल्डरटन
१५ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

फाडला. आधी फाडला, मग तुझ्यावर ओरडले, मनातल्या मनात, आणि मग जिन्यात बसून रडले. ऑड्राला वाटलं, घरी कुणी गेलं. पत्र तिला दाखवलं तर तीही रडली, आणि म्हणाली, "मी असं काही म्हणाले होते? मला आठवतही नाही." खरंच तिला आठवत नव्हतं. किती दिवस मी ते वाक्य उशाशी घेऊन झोपत होते.

फार बरं वाटतंय आत्या. छातीवरचं उतरलंय. मास्तरांकडेही गेले होते. ते म्हणाले, निबंधात तुझं म्हणणं काय ते शेवटच्या पानावर येतं, ते पहिल्या पानावर आण. बस, एवढंच. तांबडी शाई सगळी याचीच होती.

पण गोष्ट इथे संपली नाही. बुधवारी जेवताना मी टेबलावर जाहीर केलं की आजपासून मला डकोटा म्हणायचं नाही, कॉलेजच्या हिशेबात मी मिनेसोटाची आहे. सगळे हसले. मागच्या टेबलावरचा एक मुलगा ताट घेऊन उठत होता, तो तिथेच थांबला. म्हणाला, "मग तो मी असणार."

त्याचं नाव एलरी प्रुइट. वडील विमानदलात. बदल्या होत राहिल्या, आजवर सात शाळा झाल्या. शेवटचं वर्ष मिनॉटच्या तळावर काढलं, दाखला तिथला. म्हणजे आपल्या राज्यात तो जेमतेम एक हिवाळा राहिलाय. मला वाटलं, झालं, माझा काटा निघाला आणि याला टोचला. मी घाईघाईने त्या बाईंचं पत्र सांगितलं, की निवड आधी झाली, मोजदाद नंतर. तो म्हणाला, "ते मला सुचलंही नव्हतं." मग ताट आमच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "सभेत 'नॉर्थ डकोटा' म्हणाल्या तेव्हा मी अर्धा उठलो होतो. मला आजवर कुणी कुठल्याच ठिकाणचा धरलं नव्हतं. मग पुढे तू उभी राहिलीस. मला वाटलं, खरी माणसं आली, आपण बसावं."

आत्या, मी ज्या टाळ्यांनी आजारी पडले होते, त्या याला हव्या होत्या. मी म्हटलं, टिंब तुझं आहे, घे. तो हसला, पण लगेच विचारलं, "मी नऊ महिने होतो तिथे. कुणी विचारलं तर नॉर्थ डकोटाचा म्हणू का? चालेल?" मी म्हटलं, माझ्या आत्याला विचारते, तिकडचं सगळं तीच ठरवते.

तर विचारते आहे.

आणि आणखी एक. तुझ्या जलद टपालाच्या पाकिटावरचा शिक्का नीलसफोर्ड, मिनेसोटाचा कसा?

तुझी,
मारिट (तेविसांतली)

•

हेगलंड
२१ ऑक्टोबर

मारिट,

तुला पाकिटं बघायला कुणी सांगितलं?

शनिवारी आपलं टपाल दहालाच बंद होतं. मी डब्यांमधून सुटले तेव्हा अकरा वाजले होते. सोमवारी सुट्टी. मंगळवारी टाकलं असतं तर तुझा अर्ज आधी गेला असता आणि माझं पत्र मागून. तर गेले. पुलावरून गेले, गाडीची काच वर करून. टपालात शेल्बी नावाची पोर होती, म्हणाली, "मारिटची आत्या ना? ती आमच्या शाळेत होती." मी म्हटलं, "माहीत आहे मला." येताना दूध घेतलं. तिथलं दूध स्वस्त आहे हे इतकी वर्षं मला कुणी सांगितलं नाही.

आता त्या एलरीचं. नऊ महिने म्हणजे एक पूर्ण हिवाळा. जानेवारीत मिनॉटला गोठलेली मोटार सुरू करायला बाहेर पडला असेल, तर माझ्या बाजूने हरकत नाही. तरी मला तो बघायला हवा. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत त्याला घेऊन ये. त्याचे आईवडील आता कुठल्या तळावर असतील कुणास ठाऊक, तेवढ्यात त्याचं तिकडे जाणं व्हायचं नाही. लेफ्सेच्या पोळ्या लाटायला हात लागतात, बटाट्याचं पीठ कसं चिकटतं तुला माहीत आहे. पहिली फाटली तर हसणार नाही, दुसरी फाटली तर हसेन. तुझा बाप त्याला भिंतीवरचं टिंब दाखवणारच आहे, आता ते दिसतही नाही म्हणा. ते बोटाने दाबायचा पहिला हक्क त्याचाच होता.

तू मात्र 'तेविसांतली' म्हणून सही करतेस ते बंद कर. कॉलेजला कुठेही मोजू दे. माझ्या पाकिटावर शिक्का पलीकडचा होता, तरी पत्र कुणाचं ते तुला उघडायच्या आधी कळलं ना? तसंच आहे ते. त्या पोरालाही हेच सांग.

पंचेचाळीस मिनिटांनी माझी डब्यांची पाळी आहे. विमानतळावर तुम्हाला घ्यायला मीच येईन. विमानतळही पलीकडेच आहे, त्याला आता काय करणार.

आत्या